दिवा हॉलसाठी की माशांसाठी?

डोंबिवलीतल्या एका गृहस्थांनी हॉलमध्ये दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी मांडली. दुकानदाराने सांगितलं, ‘लाईट जेवढा जास्त, तेवढी झाडं जोमात.’ मग झाकणाखाली एलईडीच्या दोन पट्ट्या बसल्या, शेजारी पूर्वेची खिडकी होतीच. सकाळी लावलेला दिवा रात्रीच्या बातम्या संपल्यावरच बंद व्हायचा. महिना उलटायच्या आत पाणी पोपटी झालं, काचेवर हिरवा थर चढला, अनुबियासच्या पानांच्या कडांना काळी लव धरली. निऑन टेट्रा फिल्टरमागे दडून बसू लागले.

त्यांनी पाणी बदललं, शेवाळाचं औषध आणलं, फिल्टरही मोठा घेतला. दिव्यावर मात्र कुणाचा संशय गेला नाही. जाणार कसा? पाहुणे आले की कौतुक त्याचंच व्हायचं.

झाडं प्रकाश वापरतात, पण त्यासोबत त्यांना कार्बन डायऑक्साइड आणि खतही लागतं. ते कमी पडलं की जास्तीचा प्रकाश त्यांच्या उपयोगाचा राहत नाही. त्यावर शेवाळ पोसतं. अनुबियास हे आफ्रिकेतल्या ओढ्यांच्या काठी सावलीत वाढणारं झाड. जावा फर्न आणि क्रिप्टोकोरिनही मंद उजेडावर खूश असतात. निऑन टेट्रा तर ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या, वर झाडांचं छत असलेल्या गडद पाण्यातले. त्यांना पापण्या नसतात. झगझगीत उजेडात डोळे मिटायची सोय नाही.

हिशोब अवघड नाही. अशा टाकीत वाळू-दगड वगळून साधारण 50 लिटर पाणी मावतं. सोप्या झाडांसाठी लिटरमागे 15 ते 25 ल्युमेन पुरतात, म्हणजे हजाराच्या आसपास. चांगली एलईडी वॅटमागे सुमारे 100 ल्युमेन देते. तेव्हा दहा वॅटची एक पट्टी झाली. खोक्यावर वॅट ठळक छापतात, ल्युमेन बारीक अक्षरात. वाचायचे ते ल्युमेन. रंगासाठी 6500 केल्विनच्या आसपासचा पांढरा प्रकाश घ्यावा. गडद निळ्या पट्ट्या समुद्री टाकीतल्या प्रवाळांसाठी असतात. गोड्या पाण्यात त्यांनी टाकी डिस्कोसारखी दिसते, एवढंच.

या गृहस्थांनी शेवटी एक पट्टी काढली, टाकी खिडकीपासून आतल्या भिंतीला सरकवली (आधी निम्म्याहून अधिक पाणी उपसून, भरलेली टाकी हलवली तर काचेचे सांधे सुटतात) आणि हवेचा पंप चालू ठेवून ती तीन-चार दिवस चादरीने झाकली. पोपटी पाणी निवळलं. काळी लव मात्र हटली नाही, ती पानं कापावीच लागली.

आता दिवा रोज सहा तास. नव्या टाकीला एवढंच पुरे. झाडांनी मूळ धरलं की आठ तासांपर्यंत न्यावं. हे काम माणसाच्या आठवणीवर न सोडता टायमरवर सोपवावं. फिरत्या तबकडीचा साधा टायमर चालतो, पण वीज गेली की तोही थांबतो आणि मग दिवा उशिरा लागतो. भारनियमन असेल तिथे बॅटरीवाला डिजिटल टायमर घ्यावा. अंधाऱ्या खोलीत एकदम दिवा लागला तर मासे दचकून काचेवर आपटतात. आधी खोलीतला दिवा लावावा, थोड्या वेळाने टाकीचा.

आणि वायर प्लगकडे नेताना तिला बोर्डाच्या खाली एक झोळ द्यावा. ओघळणारं पाणी त्या झोळावरूनच खाली ठिबकतं, प्लगमध्ये शिरत नाही.