गर्भारपण आणि हृदय : विश्रांती हा उपकार नव्हे

गर्भवती स्त्री स्वस्थ बसलेली दिसली, तरी तिचे हृदय स्वस्थ नसते. गर्भारपणात शरीरातील रक्त वाढत जाऊन बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास ते पूर्वीपेक्षा ४० ते ५० टक्के अधिक होते. नाडीचे ठोके मिनिटाला १० ते २० ने वाढतात. रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणूनच हृदयाचे काम वाढूनही रक्तदाब वाढत नाही, उलट मधल्या महिन्यांत किंचित उतरतो. दिवस भरत येता एकट्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जाते.

या वाढीत रक्तातील द्रव तांबड्या पेशींहून जास्त वाढतो. त्यामुळे हिमोग्लोबिन थोडे उतरणे स्वाभाविक आहे. मात्र ते ११ ग्रॅमच्या खाली गेल्यास तो रक्तक्षय होय. अगोदरच राबणाऱ्या हृदयावर मग दुहेरी भार पडतो. लोहाच्या गोळ्या न चुकता घ्याव्यात, त्या यासाठीच. शेवटच्या महिन्यांत उताणे निजल्यास गर्भाशय मोठ्या शिरेवर दाबून भोवळ येऊ शकते. म्हणून डाव्या कुशीवर निजणे हितावह.

चढण चढताना थोडी धाप, सायंकाळी पायांवर थोडी सूज, हे बहुधा नैसर्गिक असते. परंतु आडवे होताच दम कोंडणे, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, चेहऱ्यावर सूज किंवा रक्तदाब १४०/९० वा त्याहून अधिक असणे, ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. प्रसूतीनंतरही सावध असावे. गर्भाशय आकुंचन पावताच त्यातील रक्त एकदम हृदयाकडे परतते आणि दुबळ्या हृदयाची खरी कसोटी तेव्हाच लागते. दरमहा ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तिचा लाभ घ्यावा.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, असे प्रतिपादन केले. १९२९ मध्ये तो कायदा झाला. गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांसाठी तो होता. शेगावच्या परिसरात कापूस वेचणाऱ्या, निंदणी करणाऱ्या मजूर स्त्रीच्या हातात मात्र भरपगारी रजा आजही क्वचितच पडते. तिची विश्रांती घरच्यांनीच राखावयाची आहे. पाण्याचा हंडा नवऱ्याने उचलावा, सासूने तिला दुपारी आडवे होऊ द्यावे. हा तिच्यावर उपकार नव्हे. दोन जिवांसाठी राबणाऱ्या एका हृदयाचा तो हक्क आहे.