मागे न सरकणारा कृमी

सुमितच्या घरी नवीन खोली बांधून झाली. वायरमनने तारा जोडल्या. संध्याकाळी सुमितने दिव्याचे बटण दाबले. दिवा लागलाच नाही. पंखा मात्र गरगर फिरू लागला! दिवा चांगला होता, पंखाही चांगला होता. फक्त तारांची जोडणी चुकली होती.

मुलांनो, आपल्या शरीरातही अशीच जोडणी असते. शरीरात असंख्य चेतापेशी असतात. त्यांना तारांसारखे बारीक धागे असतात. या धाग्यांतून निरोप जातात. गरम तव्याला बोट लागले की आपण हात चटकन मागे घेतो. बोटाचा निरोप योग्य पेशींमधून योग्य स्नायूंपर्यंत पोहोचतो, म्हणूनच हे घडते.

पण कोणत्या पेशीने कोणत्या पेशीशी जोडून घ्यायचे, हे कोण ठरवते? शरीरात तर कोणी वायरमन नसतो!

हे कोडे सोडवायला एका इवल्याशा जीवाने मदत केली. त्याचे नाव सी. एलेगन्स. हा मातीत राहणारा कृमी आहे. त्याची लांबी अवघी एक मिलिमीटर असते आणि शरीर काचेसारखे पारदर्शक असते. या जातीच्या बहुतेक कृमींच्या शरीरात फक्त ३०२ चेतापेशी असतात. इंग्लंडमधील केंब्रिज येथे सिडनी ब्रेनर या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या काळात त्याचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या सहकाऱ्यांनी कृमीचे अतिशय पातळ काप केले, त्यांचे फोटो घेतले आणि एकेका पेशीचा धागा चिकाटीने शोधला. १९८६ साली सर्व जोडण्यांचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्याला दहा वर्षांहून अधिक काळ लागला.

निरोगी कृमीच्या डोक्याला केसाने हळूच स्पर्श केला, तर तो झटकन मागे सरकतो. पण शास्त्रज्ञांना असेही कृमी आढळले, की ज्यांना मागे सरकताच येईना. ते पुढे छान जात. डोक्याला स्पर्श केला की मात्र तिथेच वेटोळे करून पडत. समोर संकट आले, तर बिचारे सुटणार कसे?

त्यांचे स्नायू धड होते. मागे नेणाऱ्या पेशीही जागेवर होत्या. मग चूक कुठे होती? १९९२ साली जॉन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिले. मागे नेणाऱ्या काही पेशींना भलत्याच पेशी जोडल्या गेल्या होत्या. पुढे जाण्याचा निरोप देणाऱ्या पेशी तिथे येऊन बसल्या होत्या. सुमितच्या खोलीत झाले होते तसेच! आणि हे सारे केवळ एका जनुकातील बिघाडामुळे झाले होते.

जनुक म्हणजे पेशीत साठवलेली सूचना. ती आईवडिलांकडून मुलांना मिळते. जनुकांच्या सूचनेप्रमाणे पेशीच्या अंगावर खास प्रथिने तयार होतात. ती जणू पेशीची ओळखखूण असतात. वाढणारा धागा अशा खुणा ओळखतो आणि आपला जोडीदार निवडतो.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. जनुके मात्र सुमारे वीस हजारच! प्रत्येक जोडणीसाठी वेगळे जनुक असणे शक्यच नाही. म्हणून जनुके सुरुवातीचा आराखडा आखून देतात. पुढे आपण जे पाहतो, ऐकतो आणि पुन्हा पुन्हा करतो, त्याने काही जोडण्या पक्क्या होतात, तर काही सुटून जातात. आज हा धडा वाचताना तुमच्या मेंदूतही हेच काम चालू आहे.

शब्दार्थ
चेतापेशी – निरोप वाहून नेणारी पेशी
आराखडा – कामाचा कच्चा नकाशा
चिकाटी – काम न सोडण्याचा गुण

स्वाध्याय
१. सुमितच्या खोलीत कोणती चूक झाली होती?
२. काही कृमींना मागे का सरकता येत नव्हते?
३. रिकाम्या जागा भरा :
(अ) कृमीची लांबी अवघी एक ______ असते.
(आ) जनुक म्हणजे पेशीत साठवलेली ______.