मुलांच्या गालांवरील पांढुरके डाग

चैत्र-वैशाखांत नेवासें, शेवगांव, पाथर्डी या तालुक्यांतील मुलें दिवसभर रानांत हिंडतात, आणि थोड्याच दिवसांत कित्येकांच्या गालांवर पांढुरके डाग दिसूं लागतात. मग शेजारीण हळूच विचारते, "कोड तर नव्हे ना?" दुसरी महारोगाचें नांव घेते. एकदां तें नांव गांवांत फिरलें, कीं त्या मुलाशेजारीं कोणी बसत नाहीं, व मुलगी असल्यास पुढें सोयरीक जुळणें कठीण होतें. म्हणून आयांनीं व उपदेशकांनीं हे डाग ओळखावयास शिकावें.

हे डाग बहुधा तीन ते सोळा वर्षांच्या मुलांना होतात. गालांवर, हनुवटीभोंवतीं, कधीं दंडावर. कडा पुसट, कातडी कोरडी, वर बारीक कोंडा. रंग फिकट असतो, पण खडूसारखा पांढरा नसतो. उन्हानें बाकीची कातडी रापते, डागाची तितकी रापत नाहीं. यामुळें जुनाच डाग उन्हाळ्यांत नवा उठल्यासारखा वाटतो. तो एकाचा दुसऱ्यास लागत नाहीं. जंतांमुळें तो येतो ही समजूतही खरी नव्हे. साधें खोबरेल लावावें व धीर धरावा. कांहीं महिन्यांत, कधीं वर्ष-दोन वर्षांत, तो आपोआप जातो. बावचीचा लेप लावून मुलाला उन्हांत बसविणें मात्र घातक आहे. त्यानें कातडी भाजून फोड येतात.

तान्ह्या मुलाच्या कमरेवर निळसर डाग असतो, तोही असाच निरुपद्रवी. आईनें ग्रहणांत कांहीं चिरलें म्हणून तो उठला, असें म्हणून तिला बोल लावूं नये. रंग देणाऱ्या पेशी कातडीच्या खोल थरांत राहिल्यानें तो दिसतो, व मूल शाळेंत जाऊं लागेपर्यंत बहुधा नाहींसा होतो.

कोडाचा डाग दुधासारखा पांढरा व स्पष्ट कडेचा असतो. तोही स्पर्शानें पसरत नाहीं. तथापि डॉक्टरांस दाखवावा.

कुष्ठरोगाची मुख्य खूण म्हणजे बधिरपणा. मुलाचे डोळे मिटवून कापसाच्या टोकानें डागास हळूच स्पर्श करावा, व स्पर्श झाला तेथें बोट ठेवावयास सांगावें. त्यास तें कळलें नाहीं, तर त्याच आठवड्यांत सरकारी आरोग्य केंद्रांत न्यावें. चेहऱ्यावरील डागांत स्पर्श पुष्कळदां शाबूत राहतो. म्हणून तेथील डाग वाढत असेल किंवा कड उचललेली असेल, तर या परीक्षेवर विसंबूं नये.

लेवीयाच्या तेराव्या अध्यायांत याजकाला पहिल्याच दृष्टीस निकाल देण्याची मुभा सर्व वेळीं नाहीं. संशय असल्यास सात दिवस थांबून पुन्हां पाहावयाचें आहे. त्याच अध्यायांत कांहीं फिकट डाग केवळ पुरळ समजून तो मनुष्य शुद्ध ठरविला आहे. आमच्या ओसरीवरील निकाल मात्र क्षणांत लागतो!

आणि रोग निघालाच, तरी लपवूं नये. निराधार कुष्ठरोग्यांस वेगळें कोंडून ठेवण्याचा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. औषधें सरकारी केंद्रांत फुकट मिळतात. उपचार रोगाच्या प्रकाराप्रमाणें ६ किंवा १२ महिने चालतो, आणि तो सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्गाचें भय राहत नाहीं. तेव्हां मुलाची शाळा बंद करण्याचें कारण उरत नाहीं.