शहरांच्या राहणी-खर्चाची तुलना : निर्देशांकाचा अर्थ आणि मर्यादा

हिंगोलीहून मुंबईस बदली झालेला कर्मचारी, गावातील शेतमजुरी सोडून पुण्याच्या कारखान्यात जाऊ पाहणारा तरुण आणि वेतनवाढीच्या वाटाघाटीस बसलेला कामगार प्रतिनिधी या तिघांपुढे एकच प्रश्न उभा असतो. एका शहरात जेवढ्या पैशांत कुटुंबाचा चरितार्थ चालतो, तेवढ्याच राहणीसाठी दुसऱ्या शहरात किती पैसे लागतील? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पुष्कळदा ग्राहक किंमत निर्देशांकाचे कोष्टक पुढे केले जाते. ज्या शहराचा निर्देशांक अधिक, ते शहर अधिक महाग, असा निष्कर्ष त्यावरून काढला जातो. हा निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे आणि योग्य तुलना कशी करावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

निर्देशांकाचा इतिहास

या विषयात महाराष्ट्राची परंपरा जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर भाववाढ आणि गिरणी कामगारांचे संप यांमुळे कामगारांच्या खर्चाची शास्त्रशुद्ध मोजणी करण्याची निकड भासू लागली. तत्कालीन मुंबई सरकारने १९२१ मध्ये कामगार कार्यालय स्थापन केले आणि जुलै १९१४ मधील खर्च १०० मानून मुंबईच्या कामगारवर्गाचा राहणी-खर्च निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. पुढे १९४६ मध्ये केंद्र सरकारने श्रम ब्यूरो स्थापन केला. औद्योगिक कामगारांसाठी ग्राहक किंमत निर्देशांक तयार करण्याचे काम ही संस्था करते. त्याचे आधारवर्ष वेळोवेळी बदलण्यात आले. १९६०, १९८२, २००१ आणि २०१६ ही ती आधारवर्षे होत. २०१६ च्या मालिकेत देशातील ८८ औद्योगिक केंद्रे समाविष्ट आहेत.

आधारवर्ष बदलण्याचे कारण असे की, कुटुंबाच्या खर्चाची रीत बदलत जाते. कामगार कुटुंबांच्या खर्चात अन्नपदार्थांचा भारांक १९८२ च्या मालिकेत सुमारे ५७ टक्के होता. २००१ च्या मालिकेत तो सुमारे ४६ टक्के आणि २०१६ च्या मालिकेत सुमारे ३९ टक्के झाला. घर, शिक्षण, औषधोपचार, प्रवास आणि दूरध्वनी यांवरील खर्चाचा वाटा त्या मानाने वाढला.

चूक कोठे होते?

प्रत्येक केंद्राचा निर्देशांक त्या केंद्राच्याच पूर्वीच्या भावांशी तुलना करतो. आधारवर्षी मुंबईचा निर्देशांक १०० असतो आणि सोलापूरचाही १०० च असतो. याचा अर्थ त्या वर्षी दोन्ही शहरांत सारखीच महागाई होती, असा होत नाही. दोन्ही ठिकाणी मोजणीचा आरंभ तेथून झाला, एवढाच त्याचा अर्थ आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आधारवर्षी मोठ्या शहरात कुटुंबाचा मासिक खर्च २०,००० रुपये आणि लहान शहरात १२,००० रुपये होता. काही वर्षांनी तो अनुक्रमे २७,००० व १८,००० रुपये झाला. मोठ्या शहराचा निर्देशांक आता १३५ आणि लहान शहराचा १५० येईल. लहान शहराचा निर्देशांक अधिक असूनही तेथील खर्च ९,००० रुपयांनी कमीच आहे. लहान शहरात भाव अधिक वेगाने वाढले, हे निर्देशांक अचूक सांगतो. ते शहर अधिक महाग आहे, असे मात्र तो सांगत नाही. कालानुसार होणारी वाढ आणि स्थलानुसार असणारा फरक या दोन भिन्न गोष्टी होत.

फरक कशामुळे पडतो?

दोन शहरांतील सर्वच वस्तूंच्या भावांत सारखा फरक नसतो. ज्या वस्तू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी सहज नेता येतात, त्यांचे भाव फारसे दूर राहत नाहीत. कापड, साबण, खाद्यतेल, औषधे ही त्याची उदाहरणे होत. लासलगावच्या बाजारातून निघालेला कांदा दूरच्या शहरात पोहोचेपर्यंत वाहतूक, हमाली, दलाली आणि नासधूस यांचा खर्च त्यावर चढतो. तथापि त्या फरकालाही मर्यादा असते. याउलट जमीन आणि घर उचलून नेता येत नाही. म्हणून खरी तफावत घरभाड्यात दिसते. त्याखालोखाल ती शिकवणी, दुरुस्ती, घरकाम यांसारख्या स्थानिक सेवांत आढळते. केवळ बाजारभाव पाहून मुंबई थोडीशीच महाग आहे, असे मानणारा मनुष्य तेथे खोली शोधू लागताच अडचणीत येतो.

घरभाड्याची मोजणीही सोपी नाही. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याचा आणि त्यानंतरच्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचा लाभ मिळालेला जुना भाडेकरू आणि नव्याने आलेला भाडेकरू एकाच चाळीत राहत असले, तरी त्यांच्या भाड्यांत मोठे अंतर असू शकते. शहराची सरासरी नवागताला उपयोगी पडत नाही. त्याने आज मिळू शकणाऱ्या घराचे भाडेच हिशेबात धरले पाहिजे.

तुलनेची योग्य रीत

योग्य तुलनेसाठी वस्तूंची एकच यादी दोन्ही शहरांच्या भावांनी मोजावी लागते. परंतु यादी कोणत्या शहराची घ्यावयाची? समजा, लहान शहरातील दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाची राहणी तेथे १८,००० रुपयांत भागते. तीच राहणी, दोन खोल्यांसह, मोठ्या शहरात ३१,००० रुपयांना पडते. म्हणजे प्रमाण १७२ झाले. आता मोठ्या शहरातील कुटुंबाची यादी घेऊ. ते एकाच खोलीत भागवते आणि त्याचा खर्च २५,००० रुपये आहे. हीच यादी लहान शहरात १७,५०० रुपयांत मिळते. येथे प्रमाण १४३ येते. दोन्ही उत्तरे आपापल्या परीने बरोबर आहेत. म्हणून संख्याशास्त्रज्ञ दोहोंचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घेतात. ते सुमारे १५७ येते. यास फिशरचे सूत्र म्हणतात.

आपल्या देशात स्थलपरत्वे तुलनेचे एक महत्त्वाचे उदाहरण दारिद्र्यरेषेचे आहे. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार नियोजन आयोगाने २०११-१२ साठी दरडोई मासिक खर्चाच्या ज्या मर्यादा ठरविल्या, त्या महाराष्ट्राच्या शहरी भागासाठी १,१२६ रुपये, ग्रामीण भागासाठी ९६७ रुपये आणि बिहारच्या शहरी भागासाठी ९२३ रुपये अशा होत्या. भावांतील फरक विचारात घेऊनच त्या निरनिराळ्या ठेवण्यात आल्या. मात्र राज्याच्या शहरी सरासरीत मुंबई आणि परभणी एकत्र येतात, हेही विसरता कामा नये.

भत्त्यांचा अर्थ

शासकीय भत्त्यांकडे याच दृष्टीने पाहावे लागते. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता अखिल भारतीय निर्देशांकावरून ठरतो. त्याचा दर सर्व शहरांत एकच असतो, कारण तो काळाबरोबर वाढलेल्या भावांची भरपाई करतो. शहरांतील फरकासाठी घरभाडे भत्ता आहे. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ पासून शहरांच्या तीन वर्गांसाठी तो मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के होता. जानेवारी २०२४ पासून तो ३०, २० आणि १० टक्के झाला. मुंबई आणि पुणे दोन्ही पहिल्या वर्गात आहेत. हे वर्गीकरण लोकसंख्येवर आधारलेले आहे, प्रत्यक्ष भाड्यावर नव्हे. त्यामुळे एकाच वर्गातील दोन शहरांत भत्ता समान असला, तरी घराचा भार समान असेलच असे नाही.

शाळा आणि पंचायतींसाठी

हा विषय वर्गात आणि ग्रामसभेत प्रत्यक्ष मोजणीने शिकविता येईल. विद्यार्थ्यांनी वीस-पंचवीस गरजेच्या वस्तू व सेवांची यादी करावी. प्रत्येकीचा दर्जा, वजन वा माप निश्चित लिहावे. गावातील आणि जवळच्या शहरातील भाव एकाच आठवड्यात, सारख्याच प्रकारच्या दुकानांतून घ्यावेत. घरभाडे, प्रवास आणि कामावर जाण्या-येण्यात जाणारा वेळ यांची नोंद जरूर करावी. गावी स्वतःचे घर, घरचे धान्य वा जळण असेल, तर त्याचीही किंमत धरावी, कारण शहरात त्या प्रत्येक वस्तूसाठी रोख पैसे मोजावे लागतात.

शहरात जाणाऱ्या तरुणास पगाराचा आकडा मोठा दिसतो. त्यातून खोली, खानावळ आणि प्रवास वजा जाता गावी पाठविण्यास किती उरेल, हे निघण्यापूर्वीच कागदावर मांडता आले, तर त्याचा निर्णय डोळसपणे होईल. असा हिशेब गावोगावी शिकविणे हे शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना सहज करता येण्याजोगे कार्य होय.