दट्ट्याच्या कडीची फट

बुलेट मोटार सायकलचा संथ ठोका तुम्हीं पुष्कळदां ऐकला असेल. जुन्या ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर असतो. त्यांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण पेटलें म्हणजे त्याचा सारा जोर पिस्टनवर, म्हणजे दट्ट्यावर, पडावयास हवा. परंतु दट्ट्या सिलिंडरांत घट्ट बसवितां येत नाहीं. तो तापून फुगला कीं अडकेल. म्हणून सभोंवारची जागा बंद करण्यासाठीं दट्ट्याच्या खांचांत बिडाच्या कड्या बसवितात. कारागीर त्यांना रिंग म्हणतात.

पूर्वीं वाफेच्या यंत्रांत या कामीं तागासारख्या तंतूंचीं वेटोळीं भरीत. एका ठिकाणीं चिरलेली धातूची कडी जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज अभियंत्यानें काढली व १८५४ सालीं तिचे गुण अभियंत्यांच्या सभेपुढें मांडले. कडीचा स्वतःचा ताण थोडाच असतो. पेटलेला वायु तिच्या मागें शिरून तिला भिंतीवर दाबून धरतो. जो पळूं पाहतो तोच दार लावून घेतो!

फट जितकी कमी तितकी बरी, असें कोणाच्याहि मनांत येतें. मीहि एकदां तसेंच समजून नव्या कड्या न मोजतां चढविल्या. थोडें अंतर जातांच इंजिन अडकलें. उघडून पाहतों तों भिंतीवर उभे ओरखडे! चूक गणिताची होती. कडीचा परिघ सुमारें २२० मिलिमीटर. बीड दर अंश सेंटिग्रेडास आपल्या लांबीच्या सुमारें ०.००००११ पट वाढतें. समजा, कडी सिलिंडरहून १०० अंश अधिक तापली. तर ती २२० × ०.००००११ × १००, म्हणजे सुमारें ०.२४ मिलिमीटर वाढेल. तेवढी जागा नसेल तर टोकें एकमेकांस भिडून कडी भिंत खरवडूं लागते. व्यासाच्या दर इंचास ४ सहस्रांश इंच फट, हा कारागिरांचा ठोकताळा येथें ०.२८ मिलिमीटर येतो. इंजिनाच्या पुस्तकांत निराळा आंकडा असल्यास तोच प्रमाण मानावा.

मोजण्यासाठीं कडी एकटीच सिलिंडरांत घालावी, दट्ट्यानें ढकलून सरळ करावी व फटींत फीलर गेजची पाती सरकवून पाहावी. फट कमी असल्यास टोक बारीक कानशीनें जपून घासावें. जास्त असल्यास कडी दुकानदारास परत करावी. तीन कड्यांच्या फटी एका रेषेंत न ठेवतां १२० अंशांच्या अंतरानें ठेवाव्या.

सिलिंडरच्या बुडाशीं गॅस्केट नवेंच घालावें. शेवटीं हेडचे नट समोरासमोरचे घेऊन दोन-तीन फेऱ्यांत आवळावे; एकच बाजू आधीं आवळल्यास दुसरीकडे गॅस्केट नीट दबत नाहीं आणि वायु तेथूनच फुसफुसत बाहेर पडतो.