राजीनामा लिहिण्याआधी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधल्या एका कंपनीत मी टाइम ऑफिसला होते. हजेरी, रजा, पगारपत्रक, पीएफ, ईएसआय आणि लोकांचे राजीनामे, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. नोकरी सोडणारी माणसं मी फार जवळून पाहिली आणि पुढे मीही सोडली. आता छोट्या वर्कशॉपवाल्यांची पगारपत्रकं आणि पीएफ-ईएसआयची कामं स्वतंत्रपणे करते. नोकरीत जीव न रमणाऱ्याला आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक, गुपचूप दिवस काढ, बाहेर काय पडलंय? दुसरा, दे फेकून, होईल काहीतरी. दोन्ही सल्ले देणाऱ्यांच्या खिशातून काही जात नाही. माझं म्हणणं या दोन्हींपेक्षा वेगळं आहे, आणि ते थोडं वेळखाऊ आहे.

सगळ्यात आधी, नेमकं काय खुपतं ते शोधा. मला बरेच दिवस वाटायचं की आमचे साहेब तापट आहेत म्हणून सकाळी बसमध्ये चढायला नको वाटतं. मग त्यांची बदली झाली. नवे साहेब आले, शांत बोलणारे, वेळेवर घरी जाऊ देणारे. तरी अधूनमधून एखाद्या आठवड्यात माझ्या पोटात गोळा यायचाच. तो आठवडा ब्रेक लिस्टचा असायचा.

कारखान्यात काम केलेल्यांना हे सांगायला नको. कामगाराचे वर्षात 240 दिवस भरले की त्याच्या कायमपणाच्या हक्काचा प्रश्न उभा राहतो. म्हणून ठेकेदारी आणि हंगामी पोरांना त्याआधीच ब्रेक दिला जातो. कुणाचे किती दिवस भरलेत ते काढायचं, दोनशेच्या पुढे गेलेली नावं वेगळी करायची, यादी करून सहीला ठेवायची, हे काम माझं. गेटपास बंद झालेली पोरं दुसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन उभी राहायची. रांजणगावला खोली करून राहणारा एक पोरगा एकदा म्हणाला, "मॅडम, ह्या बारीला तरी नाव राहू द्या ना, घरभाडं थकलंय." यादी माझ्या मर्जीने होत नव्हती, पण नावं मीच टाइप केलेली होती.

त्या दिवशी मला कळलं की साहेब, बसचा प्रवास, पगार, यातलं काहीच माझं दुखणं नव्हतं. दुसऱ्या कंपनीत याच खुर्चीवर गेले असते तर पगार चार पैशांनी वाढला असता आणि यादीही बरोबर आली असती. उलट माझ्या शेजारी बसणारा क्वालिटीचा इंजिनिअर रोज म्हणायचा, मला हे फील्डच सोडायचंय. त्याला जनरल शिफ्ट मिळाली आणि तो महिनाभरात हसायला लागला. त्याचं शरीर तिसऱ्या पाळीने मोडलं होतं, मन कामाला विटलेलं नव्हतं. तो फील्ड सोडून गेला असता तर फार मोठी किंमत देऊन चुकीचा आजार बरा करायला निघाला असता. म्हणून एक साधी वही ठेवा. घरी आल्यावर दोन ओळी लिहा, आज कशाने वाईट वाटलं आणि कोणत्या तासात वेळ कसा गेला ते कळलं नाही. दोन-तीन महिन्यांत पानं बोलायला लागतात. साहेब खुपत असतील तर विभाग बदलून मागा, पाळी खुपत असेल तर कंपनी बदला. कामच खुपत असेल, तरच क्षेत्र बदलण्याच्या वाटेला लागा.

वाट शोधताना आपल्या शहरात दोन-तीन रस्ते फार रहदारीचे आहेत. पहिला एमपीएससीचा. औरंगपुऱ्याच्या, खडकेश्वरच्या अभ्यासिकांमध्ये नोकरी सोडून आलेली कितीतरी मुलं-मुली बसलेली असतात. त्यांच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. पण खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागास प्रवर्गांना 43 ही सर्वसाधारण वयोमर्यादा आहे, तिच्याकडे बघून आधी स्वतःशी ठरवा की किती प्रयत्न करणार आणि त्यानंतर काय. ते तारखेसकट लिहून ठेवा आणि घरच्या एका माणसाला दाखवा. दुसरा रस्ता आयटीच्या क्लासचा. आमच्या शॉपमधल्या एका मशीन ऑपरेटरने नोकरी सोडून, कर्ज काढून असा क्लास लावला. शंभर टक्के प्लेसमेंटची हमी होती. प्रत्यक्षात मुलाखतीला "पाठवणे" एवढंच त्या हमीत लिहिलेलं निघालं. नोकरी लागण्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. त्याच्या कर्जाचे हप्ते मात्र ठरल्या तारखेला सुरू झाले. फी भरण्याआधी क्लासवाल्यांकडून मागच्या तुकडीतल्या तिघांचे नंबर मागा, त्यांना भेटा, ते आज कुठे काम करतात ते बघा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर पैसे खिशातच राहू द्या. तिसरा रस्ता हॉटेल नाहीतर शेळीपालनाचा. त्यातलं मला फारसं कळत नाही, म्हणून त्यावर बोलत नाही.

डॉ. श्रीराम लागूंचं नाव अशा वेळी हमखास निघतं. कान-नाक-घशाचे सर्जन, आणि 1969 मध्ये व्यवसाय सोडून ते पूर्णवेळ नट झाले. वयाची चाळिशी उलटलेली. पण या गोष्टीचा अर्धाच भाग सांगितला जातो. कॉलेजच्या दिवसांपासून ते नाटकं करत होते, भालबा केळकरांबरोबर पीडीए या नाट्यसंस्थेत उभे होते, डॉक्टरकी चालू असताना वर्षानुवर्षं रंगमंचावर काम करत होते. पूर्णवेळ उतरले तेव्हा त्यांना तालमीची दगदग, दौरे, प्रेक्षक, सगळं ठाऊक होतं. मला त्यांच्या धाडसाइतकंच त्या आधीच्या वर्षांचं मोल वाटतं. जे काम करायचं म्हणता, त्यातला एक साधा, रटाळ दिवस तुम्ही जगलात का? रटाळ दिवसही सोसवला, तर ते काम तुमचं.

माझं तसंच झालं. ओळखीच्या एकांचं वाळूजलाच जॉबवर्कचं शेड होतं, चार-पाच सीएनसी आणि दहाच्या आत माणसं. त्यांना दहावा माणूस घ्यायचा होता आणि दहा झाले की ईएसआय लागतं, वीस झाले की पीएफ, एवढंही त्यांना नीट माहीत नव्हतं. मी साप्ताहिक सुट्टीत त्यांची रजिस्टरं लावून द्यायला लागले. आधी माझं नेमणूकपत्र काढून वाचलं होतं. बाहेर दुसरं काम करायचं नाही, असं कलम त्यात होतं, बहुतेकांच्या पत्रात असतं. म्हणून एक रुपया घेतला नाही, शिकायला मिळतं म्हणून केलं. हे कलम न वाचता बाहेर पैसे घेणाऱ्या एकाला आमच्याकडे चौकशीला तोंड द्यावं लागलं होतं.

मी समजत होते, या कामात कायदा वाचायचा असतो. खरं काम निघालं फोन लावण्याचं. पीएफ आणि ईएसआयचे पैसे पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. चौदाला संध्याकाळी चलन तयार करून बसलं की मालक पुण्याला गेलेले, बँकेचा ओटीपी त्यांच्या फोनवर, आणि फोन लागत नाही. रात्री दहाला ओटीपी येतो, तोवर त्याची मुदत संपलेली असते. पुन्हा फोन. हे दर महिन्याला होणार, हे मी पगार चालू असतानाच पाहिलं आणि मला ते चाललं. कारण त्याच शेडमध्ये एका फिटरचं ईएसआय कार्ड माझ्या हाताने निघालं, आणि त्याच्या बायकोचं बाळंतपण चिकलठाण्याच्या कामगार रुग्णालयात झालं. यादीतून नाव काढणारे माझे हात आता नाव घालत होते. मला हेच हवं होतं.

धंदा म्हणून त्याच्याकडे कसं बघायचं, हे मात्र शिकावं लागलं. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं, म्हणजे एमसीईडीचं, मुख्यालय आपल्याच शहरात, रेल्वे स्टेशनच्या एमआयडीसीत आहे. लोक पुण्या-मुंबईचे कोर्स शोधतात आणि हे दारातलं विसरतात. हाताने काम करणाऱ्याला क्षेत्र न सोडता वर जायचं असेल, तर चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूमही आहे. दोन्हीकडे जाऊन समोर बसून विचारा, पत्रक वाचून ठरवू नका.

आता पैसे. "सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवा" असं सगळे सांगतात. ते अपुरं आहे. महिने सारखे नसतात. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं, पुढे गणपती-गौरी, मग दिवाळी, मार्चमध्ये विम्याचे हप्ते. मागच्या पूर्ण वर्षाचं बँकेचं पासबुक घेऊन बसा आणि वर्षाचा खर्च काढा, मगच महिन्याचा. माझी पहिली बिलं ठरल्या तारखेला आली नाहीत. छोट्या युनिटवाल्यांचे स्वतःचेच पैसे मोठ्या कंपनीत अडकलेले असतात. उद्यम नोंदणी करून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल 45 दिवसांच्या आत द्यावं, असा कायदा आहे, आणि नम्रपणे आठवण करून द्यायला तो उपयोगी पडतो. घराचं कर्ज घ्यायचं किंवा दुसऱ्या बँकेत वळवायचं असेल तर पगाराच्या स्लिपा चालू असतानाच करा. नंतर दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं दाखवल्याशिवाय बँक सहसा दार उघडत नाही.

कागदांवर मी सगळ्यात जास्त बोलेन, कारण माणसं तिथेच रडताना पाहिली आहेत. पीएफवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, हा घोळ बायकांच्या बाबतीत इतका नित्याचा आहे की मी प्रत्येकीला पहिल्या भेटीत तेच विचारते. हे नोकरीत असताना दुरुस्त करणं सोपं, कारण काही प्रकरणांत मंजुरी कंपनीकडून मिळवावी लागते. सोडून गेलेल्याच्या अर्जाला कंपनीत कुणी वाली नसतो. जुन्या कंपनीतला पीएफ नव्या खात्यात वळवून घ्या. पाच वर्षं सेवा व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो, आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. नऊ वर्षं भरलेल्या एकाने पेन्शनचे पैसे काढून टाकले आणि मिळालेली रक्कम बघून तो माझ्या टेबलाशी मटकन बसला. दहा झाली नसतील आणि पुढे पुन्हा नोकरी करण्याची शक्यता असेल, तर पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घ्या, सेवा पुढे मोजली जाते.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. कायम कामगाराला सलग पाच वर्षं लागतात. हिशेब सोपा आहे: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 18,200 रुपये असतील तर एका वर्षाचे 10,500, पाच वर्षांचे 52,500. साडेचार वर्षं झालेल्या एका सुपरवायझरने भांडणाच्या भरात रात्री व्हॉट्सअॅपवर राजीनामा पाठवला. नोटीस पिरियडही भरला नाही, तो पगारातून कापला गेला, रिलीव्हिंग लेटर अडकलं आणि नवी कंपनी तेच मागत होती. त्याचा राग खरा होता, मी साक्षीला होते. पण सहा महिने थांबला असता तर त्याच रागासकट तो पैसे घेऊन गेला असता.

आरोग्य विम्याकडे तर कुणी बघतच नाही. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. घरी बीपी-शुगरचे सासू-सासरे असतील तर नवी पॉलिसी जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. मात्र त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याची सोय असते आणि आधी काढलेला काळ मोजला जातो. अर्ज गट विमा संपण्याआधी द्यायचा. आमच्या सासऱ्यांसाठी मी तसंच केलं, आणि तेव्हा लक्षात आलं की मी स्वतः टाइम ऑफिसला असून एकाही राजीनामा देणाऱ्याला हे सांगितलं नव्हतं.

राहता राहिला दिवाळीचा बोनस. त्यासाठी कितीतरी लोक नको झालेल्या नोकरीत ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत थांबतात. बोनस मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. कायद्याच्या पगारमर्यादेत बसत असाल आणि त्या वर्षात किमान तीस दिवस काम केलेलं असेल, तर ऑगस्टमध्ये नोकरी सोडली तरी त्या वर्षाचा बोनस तुमचा आहे. शेवटच्या दिवशी हिशेबाच्या कागदावर सही करताना "बोनस बाकी" असं स्वतःच्या हाताने लिहा, बँक खात्याचा नंबर द्या आणि त्या कागदाची शिक्का मारलेली प्रत घेऊनच गेटबाहेर पडा.