करारात कंत्राटदार, कामात नोकर?

पुण्याच्या एका वाचकाचा भाऊ कॅलिफोर्नियात कुरिअर कंपनीची पार्सलं स्वतःच्या छोट्या व्हॅनमधून पोचवतो. रोज दहा तास. कंपनी त्याला 'स्वतंत्र कंत्राटदार' म्हणते. ओव्हरटाइम मिळेल का?

मिळू शकतो. करारावर काय लिहिलंय, एवढ्यावर तिथे निकाल लागत नाही.

डायनामेक्स या कुरिअर कंपनीने २००४ मध्ये आपल्या ड्रायव्हरांना असंच कंत्राटदार केलं. गाडी, पेट्रोल सगळं त्यांच्या माथी. त्यावरच्या खटल्यात २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याचा भार मालकावर टाकला. माणूस कंपनीच्या नियंत्रणाबाहेर आहे, त्याचं काम तिच्या नेहमीच्या धंद्यापेक्षा वेगळं आहे आणि त्याचा स्वतःचा व्यवसाय आहे, हे तिन्ही मालकाने सिद्ध करायचं. पार्सल पोचवणं हाच जिचा धंदा, ती कंपनी बहुधा दुसऱ्या अटीवरच अडकते. (ॲपवरून काम घेणाऱ्यांना मात्र वेगळा कायदा लागू होऊ शकतो.)

नोकर ठरल्यास दिवसाच्या आठ तासांवरच्या कामाला दीडपट दर. दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत करावा लागतो, म्हणून भावाने फेऱ्यांच्या वेळा आणि कंपनीचे मेसेज आजच जपून ठेवावेत. लेबर कमिशनरकडे अर्ज करायला फी नाही.